भाड्याच्या खोल्यांतल्या बायकांचा गट: पहिल्या वहीपासून वस्तीच्या पंगतीपर्यंत

पुण्याच्या कडेला, वाघोली, नऱ्हे, हिंजवडी, मोशी या बाजूंना, दहा बाय दहाच्या खोल्यांच्या लांबच लांब रांगा आहेत. एकाच रांगेत बीड-लातूरकडची घरकाम करणारी बाई, तिच्या शेजारी कलबुर्गीची बांधकामावरची बिगारी, पलीकडे बिहारहून नवऱ्यामागोमाग आलेली आणि दिवसभर खोलीतच असणारी, शेवटच्या खोलीत तेलंगणाची. भिंत एक आणि नळही एकच, पण एकमेकींचं नाव माहीत नसतं. गावात बाई कुणाची तरी लेक, सून, जाऊ असते. इथे ‘हो, हिला मी ओळखते’ म्हणणारं तिला कुणी नसतं. म्हणून वाणी उधारी देत नाही, शाळा दाखल्यावर अडते आणि बाळंतपणाच्या रात्री सोबतीला कुणी मिळत नाही. अशा वस्तीत बायकांचा गट उभा केला तर त्याचं मूळ काम ही ओळख उभी करणं आहे. बचत, सण, पंगत या सगळ्या त्याच्या वाटा.

खाली दिलेली पद्धत 40 ते 100 खोल्यांच्या, मिश्र भाषेच्या वस्तीसाठी आहे. ऊसतोडीच्या फडावर किंवा वीटभट्टीवर मुक्काम पाच-सहा महिन्यांचा असतो, तिथे यातली बचतीची पद्धत चालणार नाही. बाकीचं बरंचसं चालेल.

पहिले तीन आठवडे नुसती फेरी

बैठक बोलावून सुरुवात केली तर येतात त्या रिकामा वेळ असलेल्या, आणि गट त्यांचाच होऊन बसतो. आधी खोलीखोलीला जाऊन या, एकदा नाही, तीनदा. घरकामाच्या बायका साधारण दुपारी 2 ते 4 खोलीवर सापडतात. बांधकामावरच्या संध्याकाळी साडेसातनंतर, पण तेव्हा त्यांच्या हातात पीठ असतं. उंबऱ्यातच बसा, दहा मिनिटांत उठा. भोसरी-पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्यात बऱ्याच जणींची सुट्टी गुरुवारी असते, बांधकामावर रविवारी. नळाला पाणी यायच्या वेळेत कुणाच्याही दारात जाऊ नका.

बरोबर एक साधी शंभर पानी वही ठेवा. छापील फॉर्म आणि गळ्यातलं ओळखपत्र पाहिलं की बायका दार ओढून घेतात. खोल्या पाडायला आले, मतदारयादीवाले आले, कागद तपासायला आले, अशी शंका येते आणि त्यात त्यांची चूक नाही. वहीत एवढंच लिहा: नाव, रांग, मूळ तालुका, घरात बोलायची भाषा, काम, परतायची वेळ, मुलांची वयं, रेशनकार्ड कुठलं, गावी कोणत्या महिन्यात जाते. आधार क्रमांक लिहून घेऊ नका. जात विचारू नका, नवरा पितो का हेही विचारू नका. शेवटच्या गोष्टी गट जमल्यावर ती स्वतः सांगेल किंवा सांगणार नाही.

नाव विचारताना थोडा धीर धरा. पुष्कळ जणी ‘सोनूची आई’ एवढंच सांगतात. तिचं स्वतःचं नाव लिहा आणि पुढच्या फेरीत त्याच नावाने हाक मारा. नावाला जोडायचं नातं तिच्या भाषेतलं असू दे: कानडी-तेलुगू बाईला अक्का, बिहारकडच्या बाईला दीदी, मराठवाड्यातल्या वयस्कर बाईला मावशी. सगळ्यांना सरसकट ताई केलं की आपण सरकारी योजनेतून आल्यासारखं वाटतं.

तिसऱ्या फेरीअखेर पाच ते सात जणी पुढे काढायच्या असतात. दर रांगेतून एक, दर भाषेची किमान एक, वस्तीत पाच वर्षांहून जास्त राहिलेली एक आणि कमावत नसलेली एक. ही शेवटची महत्त्वाची, कारण तिला दिवसा वेळ असतो आणि तिलाच गटाची सर्वांत जास्त गरज असते. घरमालकीण, मुकादमाची बायको किंवा एखाद्या पक्षाची कार्यकर्ती गटात असायला हरकत नाही, पण पैसे आणि वही त्यांच्याकडे नको. जिला द्यायचं भाडं थकलंय किंवा जिच्या नवऱ्याकडून घेतलेली उचल फेडायची आहे, तिच्यासमोर बाकीच्या तोंड उघडणार नाहीत.

पहिलं काम महिन्याभरात संपणारं हवं

दारूबंदी, पक्का रस्ता, खोल्यांचं भाडं हे विषय पहिल्या महिन्यात घेतले की गट फुटतो, कारण हाती काहीच लागत नाही. रेशन हे सुरुवातीला चांगलं काम. गरज सगळ्यांना आहे, हक्क कायद्याने मिळालेला आहे, आणि मिळालं की धान्य डोळ्यांना दिसतं.

‘एक देश एक रेशनकार्ड’ ही सोय 2022पासून देशातल्या सर्व राज्यांत लागू आहे. अन्नसुरक्षा कायद्यातलं कार्ड असेल तर गावचं धान्य पुण्यातल्या कोणत्याही रास्त भाव दुकानात मिळतं. नवं कार्ड काढायचं नाही, जुनं रद्द करायचं नाही, अर्जही करायचा नाही. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो, अंत्योदय कुटुंबाला सगळं मिळून 35 किलो, आणि जानेवारी 2023पासून हे धान्य मोफत आहे. फिरतं धान्य म्हणजे केंद्राचा गहू-तांदूळ. आपापली राज्यं वरून जे देतात ते दुसऱ्या राज्यात मिळत नाही, हे बायकांना आधीच सांगा, नाहीतर दुकानात भांडण होतं.

करायची रीत अशी. दहा-बारा जणींचे कार्ड क्रमांक गोळा करा. कार्ड गावी सासूकडे असेल तर फोनवर फोटो मागवा, क्रमांक आणि घरातल्यांची नावं दिसली पाहिजेत. महाराष्ट्रातल्या केशरी कार्डावर ‘प्राधान्य कुटुंब’ असा शिक्का आहे का ते बघा, प्रत्येक केशरी कार्डावर धान्य नसतं. पांढऱ्यावर नाहीच. ‘मेरा राशन’ ॲपमध्ये बघितलं की कुणाकुणाचा आधार जोडलेला आहे ते कळतं. मग दुकानात तीन-चार जणी मिळून जा, क्रमांक सांगा, ई-पॉस यंत्रावर अंगठा द्या आणि यंत्रातून निघालेली पावती घेतल्याशिवाय पिशवी उचलू नका. पावतीवर जेवढे किलो, तेवढेच पिशवीत आहेत का, हे पहिल्या वेळी घरी येऊन तोलून बघा.

अडतं कुठे, ते ठरलेलं आहे. सिमेंट आणि धुण्याच्या सोड्याने अंगठ्याच्या रेषा झिजतात, यंत्र नाकारतं. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा, दुसरी बोटं लावून बघा, तरी नाही झालं तर मोबाइलवरचा ओटीपी किंवा डोळ्यांचं यंत्र दुकानात असेल तर ते मागा. दुसरी अडचण म्हणजे ‘तुमचं धान्य उचललंय’ असं उत्तर. बऱ्याचदा गावी सासूने सगळ्यांचं मिळून घेतलेलं असतं, त्यात लबाडी नसते. पाच जणांच्या कुटुंबात तिघं गावी आणि दोघं इथे असतील तर इथे 10 किलो आणि गावी 15 किलो असं वाटून घेता येतं, पण महिना सुरू होताना फोनवर बोलून ठरवावं लागतं. तिसरी अडचण ई-केवायसीची, म्हणजे कार्डावरच्या माणसांची आधारवरून होणारी पडताळणी. त्यासाठी गावी जायलाच हवं असं नाही, इथल्या दुकानातही होते. दुकानदार ‘बाहेरचं कार्ड चालत नाही’ असं म्हणाला तर वाद घालू नका, त्याच्यासमोर 14445 या मदत क्रमांकाला फोन लावा. तरीही नाही म्हणाला तर तारीख, दुकानाचा क्रमांक आणि त्याचं उत्तर वहीत लिहा आणि अन्नधान्य वितरण कार्यालयात लेखी तक्रार द्या, सोबत चार सह्या किंवा अंगठे.

पहिल्या महिन्यात बारापैकी पाच जणींना धान्य मिळालं तरी पुरेसं आहे. त्या पाच जणी बाकीच्यांना सांगत फिरतील, तुम्हाला सांगावं लागणार नाही.

बैठक

पंधरवड्याला एक, 45 मिनिटांची, ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी. देवळाचा ओटा सोयीचा वाटतो, पण तिथे मुसलमान बाया येत नाहीत आणि पाळीच्या दिवसांत निम्म्या इतर बायाही येत नाहीत. अंगणवाडीची खोली, झाडाखालचा पार किंवा रांगेच्या टोकाची मोकळी जागा बरी. एकीच्या खोलीत घ्यायची असेल तर दर वेळी वेगळी खोली.

गोल बसायचं. भाषा दोनापेक्षा जास्त असतील तर प्रत्येक भाषेची एक ‘सांगणारी’ नेमा आणि दर मुद्द्यानंतर थांबा, तिला तो सांगू द्या. यात वेळ दीडपट जातो, म्हणून बैठकीत तीनच विषय ठेवा. घाई केली की बिहारची आणि कानडी बाई मान डोलावते, पुढच्या वेळी येत नाही. हिंदीत बोलल्यावर सगळ्यांना कळतं हा गैरसमज आहे. कलबुर्गीच्या खेड्यातल्या बाईला बाजारापुरतंच हिंदी येतं, आणि लमाण तांड्यावरून आलेलीची घरची बोली गोरमाटी असते.

मुलांची सोय आधी करायची. एक जुनी सतरंजी, खडू, दोन चेंडू आणि त्यांच्याकडे बघायला एक बाई, दर वेळी निराळी. ही सोय नसली की तान्ही मुलं असलेल्या बाया बैठकीतून गळतात, आणि गट ज्यांच्यासाठी उभा केला त्या त्याच असतात.

पैसा

बायकांना भिशी माहीत असते आणि त्या आधी तीच सुचवतील. येऊन-जाऊन राहणाऱ्या वस्तीत भिशी घालू नका. पहिला-दुसरा नंबर लागलेली गावी गेली आणि परतली नाही तर शेवटच्या चौघी बुडतात. बचत गटात प्रत्येकीचे पैसे तिच्या नावावर साठत राहतात, म्हणून तो सुरक्षित.

दहा ते वीस जणी, महिन्याला प्रत्येकी 100 रुपये. बारा जणींचे सहा महिन्यांत 7,200 होतात. पहिले तीन महिने कर्ज द्यायचं नाही. त्यानंतर एकीला 2,000पर्यंत, महिना 2 टक्के म्हणजे 40 रुपये व्याज, परतफेड चार हप्त्यांत. तिच्या स्वतःच्या बचतीच्या तिपटीपेक्षा जास्त कर्ज कधीही नको. दवाखान्याच्या निकडीसाठी 500 रुपये वेगळ्या पाकिटात असू द्या, ते बैठकीची वाट न बघता दोघींच्या सहीने द्यायचे. रोख पेटीत, पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे, आणि बैठकीत नोटा सगळ्यांसमोर मोठ्याने मोजायच्या. वाचता न येणाऱ्या बाईसाठी तिच्या पासबुकावर दर शंभराला एक शिक्का मारा, तिला तो मोजता येतो.

बँकेत खातं उघडताना स्थानिक पत्त्याच्या पुराव्यावर गाडी अडते. दोन नियम माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बचत गटाचं खातं उघडताना सगळ्या सदस्यांची केवायसी (ओळख-पत्त्याची तपासणी) लागत नाही, पदाधिकाऱ्यांची पुरते. आणि आधारची ई-केवायसी केली तर आधारवर गावचा पत्ता असला तरी सध्याचा पत्ता स्वतःच्या लेखी घोषणेने देता येतो. सोबत गटाचा ठराव, शिक्का, फोटो न्या. सह्यांना तिघी नेमा, कोणत्याही दोघींची सही चालेल असं ठरावात लिहा. तिघीही एकाच जिल्ह्याच्या नकोत, नाहीतर गावच्या जत्रेला तिघी एकदम जातात आणि महिनाभर खातं बंद पडतं.

वस्तीची पंगत

गट बारा-पंधरा जणींचा असतो, वस्ती शेकडो माणसांची. वस्ती जोडायला एकत्र जेवणासारखं दुसरं काही नाही. एका पाण्यासाठी भांडणाऱ्या दोन रांगा एका पातेल्यातलं जेवल्या की पुढच्या भांडणात आवाज खाली येतो.

आधी निमित्त नीट निवडा. संक्रांतीनंतर हळदीकुंकू सहज सुचतं, पण त्यात विधवा, टाकलेल्या आणि मुसलमान बाया बाहेर राहतात, आणि परगावच्या वस्तीत एकट्या बायका पुष्कळ असतात. तिळगूळ सगळ्यांना द्या आणि कार्यक्रमाला हळदीकुंकू म्हणू नका. 3 जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती चांगली, 8 मार्चही. नवरात्राच्या सुमारास एक सुंदर योग असतो. आपल्याकडे भोंडला, हत्तीभोवती फेर आणि शेवटी खिरापत ओळखायची. तेलंगणाच्या बायका त्याच दिवसांत फुलांची उतरंड रचून तिच्याभोवती टाळ्या वाजवत फिरतात, तो बतुकम्मा. दोन्ही फेर एकाच अंगणात लागोपाठ घेतले तर शिकवावं काहीच लागत नाही, पावलं आपोआप जुळतात. कार्तिकात छठ असते. त्या बायकांचा उपास कडक असतो, त्यांना पंगतीला बोलावू नका. घाटावर कपडे बदलायला आडोसा, दिवा आणि पहाटेच्या अर्घ्यानंतर निर्माल्य गोळा करायला हात, एवढं गटाने दिलं तर ते जेवणाइतकंच मोठं असतं.

पहिली पंगत साऱ्या वस्तीची नको. एक-दोन रांगा, साधारण 40 खोल्या, 120 माणसं. जेवण शाकाहारी, मुगाची खिचडी. ती सगळ्यांना चालते आणि लहान मुलं खातात. श्रावणी सोमवार, एकादशी टाळा, रमजान असेल तर वेळ रोजा सुटल्यानंतरची.

दर खोलीतून 200 ग्रॅम तांदूळ आणि 20 रुपये. चाळीस खोल्यांचे 8 किलो तांदूळ आणि 800 रुपये होतात. पैसे कमी पडतात ते दुकानदार आणि घरमालकाकडून वस्तूच्या रूपात घ्या: डाळ, तेल, पत्रावळी. रोख घेतलं की पुढच्या वर्षी फ्लेक्सवर त्यांचा फोटो लावावा लागतो. ज्या खोलीकडून काहीच आलं नाही तिथे दुसऱ्यांदा मागायला जाऊ नका, आमंत्रण मात्र द्याच.

120 जणांना लागतं ते असं:
तांदूळ 8 किलो, मुगाची डाळ 4 किलो, कांदे 4 किलो, बटाटे 4 किलो, टोमॅटो 2 किलो, मटार 2 किलो, तेल दीड लिटर, मोहरी 50 ग्रॅम, जिरं 100 ग्रॅम, हळद 60 ग्रॅम, मीठ आधी 300 ग्रॅम आणि चव बघून आणखी 100पर्यंत. पाणी 36 लिटर. तिखट बेतानेच, वरून घ्यायला शेंगाचटणी वेगळी.

एकच मोठं पातेलं भाड्याने आणू नका. 40 ते 50 लिटरची दोन आणा, जाड बुडाची, आणि दोन भट्ट्या. जमलेला तांदूळ आधी दोन भागांत निवडा: रेशनचा जाडा एका पातेल्याला, कोलमसारखा बारीक दुसऱ्याला. मिसळले तर जाडा कच्चा राहतो आणि बारकाचा लगदा होतो. एका पातेल्यात कांदा-लसूण घालू नका, तो न खाणारे निघतातच. पाणी वेगळं उकळून ठेवा, थंड पाणी ओतलं की एवढ्या मोठ्या पातेल्याला पुन्हा उकळी यायला अर्धा तास जातो. उकळी आली की आच मंद, आणि उलथणं बुडापर्यंत सावकाश फिरवत राहायचं. बूड लागलंच तर खरवडू नका, ढवळूही नका. वरची खिचडी दुसऱ्या भांड्यात काढून घ्या, जळकट वास खालीच राहतो. साडेसातला पानं मांडायची तर पाचला भाज्या चिरून तयार आणि साडेपाचला भट्टी पेटलेली पाहिजे. शिजलेली खिचडी दोन तासांत संपवा, उरलेली रात्रभर ठेवून सकाळी वाटू नका, भात नासून पोटं बिघडतात आणि दोष गटाला लागतो.

खिचडीच्या जोडीला प्रत्येक रांगेने आपल्याकडचं एक काहीतरी आणायचं, थोडंच. कलबुर्गीची कडक भाकरी, बिहारचा चोखा, मराठवाड्याची सुशीला. ही सुशीला कानडी बाया ‘सुसला’ म्हणतात, चुरमुऱ्याचा तोच पदार्थ. अशा एका पदार्थावरून ज्या गप्पा सुरू होतात त्या कुठल्याही ओळख-परेडने होत नाहीत.

पिण्याला 20 लिटरचे पाच जार. वाढायला जोड्या लावा, दोघी निरनिराळ्या भाषेच्या. भांडी घासणं, पाणी आणणं, जागा झाडणं हे पुरुषांकडे द्यायचं आणि आठ-दहा नावं आदल्या दिवशीच वहीत लिहून घ्यायची. त्या दिवशी कुणी आपणहून येत नाही. स्वयंपाक केलेल्या बायका दुसऱ्या पंगतीला बसतील, शेवटच्या नाही. त्यांची पानं आधी बाजूला काढून ठेवा.

जागामालकाची लेखी परवानगी घ्या, रस्ता अडणार असेल तर ग्रामपंचायत किंवा महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाची. वीज खांबावरून ओढू नका, घरमालकाच्या मीटरवरून घ्या आणि युनिटचे पैसे त्याच रात्री द्या. ध्वनिक्षेपक रात्री 10 वाजता बंद. भाषणं नकोत. नगरसेवक आले तर त्यांचं पान पंगतीतच मांडा.

मुलं आणि शाळा

इथे कायदा बाईच्या बाजूला आहे, म्हणून थोडक्यात. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे 6 ते 14 वयाच्या मुलाला जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, जुन्या शाळेचा दाखला यायचा आहे म्हणून थांबवताही येत नाही, आणि वयाला योग्य वर्गात बसवावं लागतं. महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या तालुक्यातून आलेल्या मुलासाठी मूळ शाळेने शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं. गावी जातील तेव्हा ते मागून आणायला सांगा. मुख्याध्यापकांकडे एकटी आई गेली की ‘पुढच्या आठवड्यात या’ हे उत्तर मिळतं. तीन जणी आणि लेखी अर्जाची पोच, एवढ्याने बहुतेक वेळा काम होतं. अंगणवाडीत 6 महिने ते 6 वर्षांची मुलं, गरोदर आणि स्तनदा माता यांची नावं लागली पाहिजेत, मूळ गाव कुठलंही असो.

मजुरी

मजूर अड्ड्यावरून नवरा-बायको जोडीने कामाला जातात आणि हिशेब नवऱ्याच्या हातात पडतो. बाईची हजेरी कुठेच लिहिलेली नसते, म्हणून मजुरी बुडाली की तिच्याकडे पुरावा नसतो. प्रत्येकीला दहा रुपयांची छोटी डायरी द्या: तारीख, कामाची जागा, ठेकेदाराचं नाव-फोन, पूर्ण दिवस की अर्धा, किती मिळाले. लिहिता येत नसेल तर मुलाकडून, नाहीतर रोज साइटचा एक फोटो आणि रात्री फोनवर आवाजात नोंद. हीच डायरी बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीलाही आधार होते. तिथे वय 18 ते 60 आणि मागच्या बारा महिन्यांत 90 दिवसांचं काम लागतं, त्या दिवसांचं प्रमाणपत्र ठेकेदाराकडून किंवा ग्रामपंचायत-महापालिकेकडून आणावं लागतं. नोंदणी करून देतो म्हणत शेकडो-हजारो मागणारे दलाल अड्ड्यावर फिरतात, त्यांना कागद देऊ नका. असंघटित कामगारांसाठीची ई-श्रम नोंदणी मोफत आहे, वय 16 ते 59.

घरात मारहाण होत असेल तर बैठकीत निवाडा करायला बसू नका. तिचा नवरा त्याच रांगेत राहतो, रात्री तो हिशेब तिच्याकडूनच चुकता करतो. दोघींनी तिला वेगळं भेटा, 181 हा महिला हेल्पलाइनचा आणि 112 हा पोलिसांचा क्रमांक तिला पाठ करून द्या, आणि रात्री दार वाजवता येईल अशा दोन खोल्या आधी ठरवून ठेवा. तिचे कागद, थोडे पैसे आणि मुलांचे कपडे यांची एक पिशवी त्यातल्या एका खोलीत राहू द्या. घरकामाच्या घरात कुणी अंगचटीला आलं तर कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते. घरकामगार बाईलाही तो कायदा लागू आहे.

इथल्या आणि बाहेरच्या

‘हे बाहेरचे आले आणि पाणी कमी झालं’ हे वाक्य प्रत्येक वस्तीत ऐकू येतं. त्याला उत्तर देत बसण्यापेक्षा हंड्यांचा क्रम लिहा. गटाने एक फळा लावायचा, रांगेनुसार वेळ, दर आठवड्याला क्रम उलटा, म्हणजे आज शेवटी असलेली रांग पुढच्या सोमवारी पहिली. फळा लिहिणाऱ्या दोघी, एक जुनी स्थानिक आणि एक परगावची. टँकर आला नाही तर फोन करणारीही तीच जोडी. निवडणुकीच्या आधी सभेला बायका पाठवा म्हणून गटाला निरोप येतील. ज्यांना जायचं त्यांनी स्वतःच्या नावाने जावं, गटाच्या नावाने आणि गटाच्या साडीत कुणी जाणार नाही, हा ठराव पहिल्याच वर्षी वहीत लिहून ठेवा, निरोप येण्याआधी.

गावी जाण्याआधी

दिवाळी, गावची जत्रा, मे महिन्यातली लग्नं, जूनची पेरणी. या चार वेळांना वस्ती निम्मी रिकामी होते आणि बहुतेक गट याच काळात मोडतात, कारण वही जिच्याकडे ती गेलेली असते. म्हणून प्रत्येक कामाला दोघी नेमा आणि दोघींचे तालुके वेगळे असू द्या. जाणारीने निघण्याच्या आठवडाभर आधी बैठकीत सांगायचं, तिचं कर्ज-बचत सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं, परत येणार का आणि साधारण कधी ते लिहायचं. परतणार नसेल तर बचत व्याजासह त्याच बैठकीत हातात द्यायची, ‘नंतर पाठवू’ नाही. परतणार असेल तर तिची ओळ वहीत तशीच मोकळी ठेवा, त्या ओळीत दुसरीचं नाव घालू नका. खोली सुटली असेल तर तिचं जड सामान, म्हणजे शेगडी, पिंप, पलंगाची फळी, ठेवायला रांगेत एक जागा ठरवा आणि सामानावर नाव लिहा. मूळ गावचा एक फोन नंबर, शक्यतो माहेरचा, घ्या. इथला सिम बंद पडतो, माहेरचा नंबर चालू राहतो.

रेशनचं दुकान, अंगणवाडी सेविका, शाळा, जवळचा सरकारी दवाखाना, गटातल्या दोघी, यांचे नंबर एका जाड पुठ्ठ्यावर मोठ्या आकड्यांत लिहून नळाजवळ टांगा. नवी आलेली बाई पहिल्या दिवशी पाणी भरायलाच येते.